परत उगवलेलं पित्ताशय

१

एकदा कापून काढलेलं पित्ताशय परत उगवत नाही. केस उगवतात, नखं उगवतात, व्यायाम सोडला की उतरवलेलं पोटसुद्धा बघता बघता परत येतं. पण पित्ताशय गेलं की गेलं.

आणि तरीही त्या सकाळी घड्याळजींच्या पोटात ते दिसत होतं. यकृताच्या खाली, जागच्या जागी, गुटगुटीत.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. परत बघितलं. ते तिथंच होतं.

बाई क्ष-किरणतज्ज्ञ. इस्पितळातले बाकीचे डॉक्टर माणसं तपासायचे, बाई माणसांची चित्रं तपासायच्या. तळमजल्यावरची अंधारी, गारठलेली खोली, समोर दोन मोठे पडदे आणि बाजूला कायम निवलेला चहा. लोकांच्या पोटात काय आहे ते बाईंना दिसतं, अशी इस्पितळात त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांना मनातून आवडायची.

घड्याळजी त्यांच्या ओळखीचे. बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान, साठी उलटलेली, बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. त्यांच्या उजव्या मूत्रपिंडात छोटी गाठ निघाली होती. बाईंनीच ती पोट न फाडता, सीटी स्कॅनच्या चित्रात बघत बघत आत सुई नेऊन जाळली होती. जाळलेली जागा नीट आहे ना, गाठ परत डोकं वर काढत नाही ना, हे बघायला काल नवा स्कॅन झाला होता.

डाव्या पडद्यावर जुनं चित्र होतं, उजव्या पडद्यावर नवं. जुन्यात पित्ताशयाच्या जागी काहीच नव्हतं, फक्त कधीकाळच्या ऑपरेशनच्या दोन बारीक क्लिपा चमकत होत्या. नव्यात क्लिपा गायब आणि पित्ताशय हजर. मूत्रपिंड तर असं कोरं करकरीत, की जणू त्याला कधी सुईचं टोक लागलंच नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून तंत्रज्ञ आत आला. दिवसभर "श्वास धरा... श्वास सोडा" म्हणत असल्यामुळे सगळं इस्पितळ त्याला श्वासधरे म्हणे.

"मॅडम, बघितलंत? घड्याळजींची गाठ साफ! डागसुद्धा नाही. फोन करून सांगू?"

"थांब," बाई म्हणाल्या. "डाग नाही, हीच तर पंचाईत आहे. भाजलेल्या जागी डाग राहायलाच हवा."

बोलता बोलता त्यांचं बोट माउसवर फिरत होतं. पडद्यावर पोटाची एकेक चकती खाली सरकत होती. बेंबीच्या जरा वर त्यांचं बोट थांबलं.

कण्यापुढून उतरणारी शरीराची सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. अंगठ्याएवढी जाड असायला हवी, ती इथं मोठ्या लिंबाएवढी फुगली होती. अशी वाहिनी दुखत नाही, खुपत नाही, काही सांगत नाही. आणि एक दिवस फुटते. फुटली की इस्पितळात पोहोचायलाही उसंत देत नाही.

हे पोट घड्याळजींचं नव्हतं. मग ज्याचं होतं तो माणूस ह्या घडीला कुठंतरी निर्धास्त हिंडत होता.

२

"मॅडम, माझ्या हातून अदलाबदल? शक्यच नाही!" श्वासधरेचा चेहरा पडला. "काल घड्याळजींच्या आधी एक कॉलेजची मुलगी होती आणि नंतर एक आजीबाई. हे पोट तर पुरुषाचं आहे."

बाईंनी दोन्ही चित्रं मागवून बघितली. मुलीची मुलीची होती, आजीबाईंची आजीबाईंची होती.

"म्हणजे चित्रं बदललेली नाहीत," त्या म्हणाल्या. "माणूस बदललाय. घड्याळजींच्या नावावर दुसरंच कुणीतरी टेबलावर झोपलं. तू तोंड नाही बघितलंस?"

"मागच्या वेळी मी रजेवर होतो, मी त्यांना ओळखतच नव्हतो. नाव विचारलं, बरोबर सांगितलं. जन्मतारीख विचारली, तीही सांगितली. जरा वर छताकडे बघून, शाळेत कविता म्हणावी तशी. तोंडाला मास्क होता. सर्दी झालीय म्हणाले." श्वासधरेनं कपाळाला हात लावला. "मॅडम, माझी नोकरी जाईल हो."

"नोकरीचं नंतर. बरोबर कोण कोण होतं?"

"चौघं आले होते. घड्याळजी, गाडी चालवणारा त्यांचा जावई, शेजारचे कुणी काका आणि मेहुणे. एकाला आत घेतलं, तिघं बाहेर राहिले. आणि हो, आत यायच्या आधी त्यांच्यातला एक खिडकीपाशी येऊन तीन-तीनदा विचारत होता, की चित्र मॅडम स्वतः बघणार ना? दुसरं कुणी नाही ना?"

बाईंनी मान हलवली आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. आता त्या रोग शोधत नव्हत्या, माणूस शोधत होत्या.

"बघ, हे पोट काय काय सांगतंय. मणक्यांची झीज बघ, वय साठीच्या आसपास. दोन्ही खुबे स्वतःचे. आणि हे जठर. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, ह्यानं तर भरपेट नाश्ता केलाय."

"मला उपाशी आहे म्हणाले!"

"म्हणणारच. म्हणजे घरून निघताना आपण टेबलावर झोपणार आहोत, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि हे बघ."

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक लखलखीत ठिपका होता. बाईंनी चित्र मोठं केलं.

"टाचणी?" श्वासधरेनं विचारलं.

"धातू आहे खरा. हा माणूस लोखंड खातो."

३

दुपारी घड्याळजी आले. बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की चित्र नीट आलेलं नाही, परत या आणि काल जे जे आले होते त्यांनाही घेऊन या. घड्याळजी हसतमुखानंच आत शिरले.

"बोला मॅडम! काय दिसलं?"

"काय दिसायला हवं होतं?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले, पण त्यांचे डोळे बाईंच्या चेहऱ्यावर खिळले होते. "काही... वेगळं दिसलं का?"

ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवून बाईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि आधी जावयाला बोलावलं.

जावई तिशीतला, काडीपैलवान. "मी काय, गाडी लावायला जागा शोधत हिंडत होतो. आलो तेव्हा बाबा बाहेर पेपर वाचत बसले होते. म्हटलं, झालं वाटतं लवकर."

त्याच्या वयाला तो झिजलेला कणा शोभणारा नव्हता. बाईंनी त्याला सोडून दिलं.

मग शेजारचे काका आले आणि बाईंना वाटलं, सापडला! काका शिंपी होते. सदऱ्याच्या कॉलरला टाचण्यांची रांग टोचलेली, गळ्यात मापाची फीत, वय साठ-पासष्ट.

"काका, शिवताना टाचण्या तोंडात धरता?"

"मग कुठं धरू? हातात कापड असतं की."

"कधी गिळली?"

"आमचा धंदा लोकांना कपडे घालायचा, मॅडम, टाचण्या खायचा नाही." काका खो-खो हसले. "आणि मी काय सांगतो, मला काल काहीच माहीत नाही. मी आपला बाकावर बसून घोरत होतो."

बाई मनात हिशोब जुळवत होत्या. वय जुळतं, टाचण्या जुळतात. तेवढ्यात काका खुर्चीचा हात धरून उठले आणि जरा लंगडत दाराकडे निघाले.

"पायाला काय झालं?"

"पाय ठणठणीत आहे, खुबा स्टीलचा आहे!" काकांनी कंबरेवर अभिमानानं थाप मारली. "तुमच्याच इस्पितळात बसवला."

बाईंचा हिशोब कोसळला. चित्रातले दोन्ही खुबे हाडाचे होते. त्या पडद्याकडे वळल्या आणि तो ठिपका आणखी मोठा केला. टाचणी असती तर लांब, सडपातळ दिसली असती. हे आखूड होतं आणि त्याला रुंद, चपटं डोकं होतं.

"काका, तुमच्यातले ते मेहुणे काय करतात?"

"दाजी होय? घड्याळजींच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सोफे आणि खुर्च्या मढवतात. असं तोंडभर खिळे भरतात आणि एकेक ओठावर आणून हातोडीनं ठोकतात. बघत राहावं."

"आज का नाही आले?"

"त्यांना वेळ कुठाय? केवढा थोरला सोफा केलाय कुणासाठी तरी. तो आज तिसऱ्या मजल्यावर चढवायचाय. म्हणाले, हमाल कशाला, मी आहे की."

बाई खुर्चीवरून उठल्या. निवलेला चहा टेबलावर सांडला.

४

दाजी फोन उचलत नव्हते. जावयानं गाडी काढली, पुढच्या सीटवर बाई आणि मागं घड्याळजी. आता मात्र घड्याळजींचं तोंड बंद झालं होतं, आणि त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही त्याचीच धास्ती वाटली असती.

"काय दिसलं, ते तरी सांगा," ते एकदाच म्हणाले.

"आधी सोफा," बाई म्हणाल्या.

दाजींच्या दुकानाला कुलूप होतं. समोरच्या पानपट्टीवाल्यानं पलीकडच्या इमारतीकडे बोट दाखवलं. लिफ्ट बंद होती. असायचीच.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सोफा अडकला होता. वरच्या बाजूला घराचे मालक नुसत्या सूचना करत उभे होते आणि खालच्या बाजूला, सगळं वजन खांद्यावर घेऊन, गाल फुगवलेले, भरदार मिशांचे दाजी.

"खाली ठेवा!" बाई ओरडल्या.

"अं?" दाजींच्या तोंडात खिळे होते.

"सोफा खाली ठेवा! आत्ताच्या आत्ता! हळू!"

आवाज असा होता की मालकांनी आपलं टोक सोडलंच. जावयानं झेप घेऊन खांदा लावला आणि सोफा कसाबसा जिन्याच्या चौकात टेकला. दाजी त्यावरच बसले. बाईंनाही दम लागला होता, त्या शेजारी बसल्या.

"तुमचं पित्ताशय छान आहे," त्या म्हणाल्या.

दाजींनी तोंडातले खिळे तळहातावर काढले आणि घड्याळजींकडे बघितलं.

"बिंग फुटलं का हो, मेहुणे? तरी मी म्हणत होतो!" मग ते बाईंकडे वळले. "मॅडम, ह्यांना काही बोलू नका. स्कॅनच्या सुईला घाबरतात बिचारे. काल ऐन वेळी हातपाय गळाले त्यांचे. म्हणाले, दाजी, तुमच्या पाया पडतो, माझ्याऐवजी तुम्ही झोपा. नाव, जन्मतारीख सगळं पढवलं. माणूस थरथर कापत होता हो, मी नाही कसं म्हणणार? आता त्यांच्या उपचारात घोळ झाला असेल तर दोष माझा."

"घोळ त्यांच्या उपचारात नाही," बाई म्हणाल्या. "दाजी, तुमच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे. ती कधीही फुटू शकते. तुम्हाला आजच भरती व्हायला हवं."

"मला? मला काय धाड भरलीय?" दाजी मोकळेपणानं हसले. "पाठ दुखते अधूनमधून, पण ती सोफ्यांमुळे. अहो, मी जन्मात डॉक्टरची पायरी चढलेलो नाही. चला मालक, धरा ते टोक."

आणि ते उठून सोफ्याखाली हात घालू लागले.

५

"बसा!" ह्या खेपेला बाईंनी त्यांचा दंडच धरला. "आणि आधी हे ऐका. तुम्हाला फसवलंय."

"कुणी?"

"ह्यांनी." बाईंनी घड्याळजींकडे बघितलं. "सुईला घाबरतात म्हणे! दाजी, मी ह्यांच्या मूत्रपिंडात वीतभर सुई घातली तेव्हा हा माणूस टेबलावर पालथा पडून मला घड्याळातली स्प्रिंग कशी बदलतात ते समजावून सांगत होता. मला म्हणावं लागलं, जरा गप्प बसा, हात हलेल माझा. त्या माणसाला दंडाच्या सुईची भीती?"

घड्याळजी कठड्याशी चाळा करू लागले.

"बरं, सुईची नसेल, निकालाची भीती असेल," बाई पुढे म्हणाल्या. "पण निकालाला घाबरणारा माणूस आज हसत हसत विचारायला येत नाही, की काही वेगळं दिसलं का? आणि काल ह्यांनीच खिडकीपाशी येऊन खात्री करून घेतली, की चित्र मीच बघणार. का? कारण मागच्या वेळी मीच ह्यांना पडद्यावर दाखवलं होतं, की हे बघा, तुमचं पित्ताशय नाही, आणि माझ्यापासून काही लपत नाही. लबाडी मला पहिल्या नजरेत कळणार, हे ह्यांना पक्कं माहीत होतं. ती कळावी म्हणूनच केली ह्यांनी. घड्याळजी, तुम्हाला स्वतःची तपासणी चुकवायची नव्हती. तुम्हाला दाजींची करून घ्यायची होती."

घराचे मालकही दोन पायऱ्या खाली उतरून ऐकू लागले.

"टिकटिक," घड्याळजी हळूच म्हणाले.

"काय?"

"मागच्या महिन्यात दाजी आमच्याकडे जेवून आडवे झाले. पोटावर पेपर ठेवला होता. तो पेपर हलत होता, मॅडम. वर-खाली, वर-खाली, एका ठेक्यात. श्वासाचा ठेका वेगळा आणि हा वेगळा. माझा जन्म ठेका ऐकण्यात गेलाय. मला वाटलं, ह्यांचं हृदय घसरून पोटात आलंय."

"हृदय घसरत नाही," बाई म्हणाल्या, पण आवाज जरा मऊ झाला होता.

"मला काय ठाऊक! ताईला सांगितलं. ती ह्यांच्यामागे रोज लागली, रडली, दोन दिवस अबोला धरला. हे म्हणणार, मला काय धाड भरलीय. हा माणूस दुसऱ्यासाठी विहिरीत उडी मारेल, पण स्वतःसाठी दवाखान्यात जाणार नाही. म्हणून म्हटलं, माझ्यासाठीच पाठवावं."

"आणि खोट्या नावानं औषध टोचून घ्यायला लावलंत त्यांना!" बाईंनी आता राग मोकळा केला. "चित्र ठळक यावं म्हणून आम्ही ते शिरेतून देतो. ते सोसलं नसतं म्हणजे? मी तुमचे कागद बघून उपचार केले असते! माझ्या तंत्रज्ञाची नोकरी टांगणीला लावलीत. सरळ मला येऊन सांगता येत नव्हतं?"

घड्याळजींनी दोन्ही कान पकडले. "चुकलं. पण मॅडम, सांगून हे आले असते?"

दाजींनी कुणाकडेच बघितलं नाही. साठी उलटलेल्या माणसाला लहान मुलासारखं गोड बोलून औषध पाजावं, तसं झालं होतं.

"मी येणार नाही," ते म्हणाले. "मला ठणठणीत वाटतंय, बस्स."

"ठीक आहे." घड्याळजी त्यांच्यासमोर पायरीवर बसले. "मग माझंही ऐका. माझी गाठ परत आली की नाही, ते मला माहीत नाही. कारण माझी पाळी मी तुम्हाला दिली. आता तुम्ही भरती झाल्याशिवाय मीही त्या मशीनवर झोपणार नाही. वाढली गाठ तर वाढू दे."

"ही परत फसवणूक आहे!"

"आहे. पण ह्या वेळी खोटं काहीच नाही."

घड्याळजींचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. मग दाजींनी तळहातावरचे खिळे मालकांच्या हातात ओतले.

"वरच्या पट्टीला अजून चार मारायचेत," ते म्हणाले. "सरळ मारा. आणि सोफा हमालांकडून चढवून घ्या."

६

आधी घड्याळजी झोपले, खरेखुरे. जळलेल्या जागी बाईंना हवा तसा डाग होता, शांत, आक्रसलेला, आणि आजूबाजूला नवीन काही नव्हतं. पित्ताशयाचा पत्ता नव्हता, त्याचा बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी श्वासधरेला गरम चहा आणायला पिटाळलं आणि चक्क गरम असतानाच प्यायला.

मग दाजी. त्यांच्या फुगलेल्या वाहिनीची मापं त्या चोरट्या स्कॅनवरूनच काढली. पोट उघडावं लागलं नाही. जांघेतून एक बारीक नळी आत सरकवली, क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात ती वर वर चढताना दिसत होती, आणि नेमक्या जागी पोहोचल्यावर तिच्यातून कापडाची गुंडाळी उलगडली. दाजी जागे होते. पडदा त्यांना दिसेल असा वळवला होता.

"म्हणजे जुन्या खोळीला आतून अस्तर लावताय!" ते टेबलावरूनच म्हणाले. "मग आधी सांगायचं ना. कापड कुठलं आहे?"

"गप्प बसा, हात हलेल माझा," बाई म्हणाल्या. हे घराणंच बोलघेवडं होतं.

आतड्यातला खिळा आपल्या वाटेनं निघून गेला. दाजींनी तोंडात खिळे धरणं सोडून दिल्याचं जाहीर केलं. शिंपीकाकांनी त्यांना कॉलरला टोचायला शिकवलं, पण सोफ्याचे खिळे कॉलरला काही टिकेनात.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी बाईंनी दाजींना आपल्या खोलीत बोलावलं. बरोबर ताई होत्या, बुटक्या, चटपटीत, नवऱ्याची शाल हातावर घेतलेल्या. बाईंनी दोन्ही पडद्यांवर चित्रं लावली, आधीचं आणि नंतरचं. इथं वाहिनी फुगली होती. इथं आता रक्त अस्तराच्या आतून सरळ वाहतंय. दरवर्षी एकदा येऊन चित्र काढून घ्यायचं, अस्तर जागेवर आहे ना ते बघायला.

दाजी पडद्याच्या अगदी जवळ गेले. स्वतःचं यकृत, स्वतःची मूत्रपिंडं, तो कणा, ती वाहिनी, सगळं ते परक्याच्या घरात शिरल्यासारखं बघत होते.

"एवढं सगळं चाललं होतं माझ्या आत," ते म्हणाले. "आणि मी कधी विचारलंसुद्धा नाही."

"मी विचारत होते ना," ताई म्हणाल्या. "रोज."

त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. दाजींनी ताईंच्या हातातली शाल घेतली, पण स्वतःच्या अंगावर घेतली नाही. खोली गार होती. शाल त्यांनी ताईंच्या खांद्यांवर पांघरली आणि त्यांचा हात धरून, पडद्यावरची ती वाहिनी त्यांना बोटानं दाखवत राहिले.